मेलमधलं इंग्रजी: लाल शाई कुठे हवी, कुठे नको

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चाकणला एका कारखान्यात आहात आणि जर्मन ग्राहकाशी तुमचा मेलवरून व्यवहार चालतो. नव्या साहेबांनी तुमच्या मसुद्यावर लाल खुणा करून तो परत पाठवला. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणतात, 'समोरच्याला कळलं ना, मग झालं तर!' साहेबांच्या मते असलं इंग्रजी बाहेर गेलं तर कंपनीची लाज जाते. तुम्ही विचारताय की यांतलं कोणाचं ऐकू, आणि व्याकरणाचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढू का.

तुम्ही दिलेला मसुदा असा: 'आय हॅव सेंट द ड्रॉइंग यस्टरडे. वुई आर हॅविंग टू मशीन्स फॉर धिस जॉब. धिस इज द फिक्स्चर यू आस्क्ड फॉर. वुई वुड डिस्पॅच द मटेरियल टिल फ्रायडे. काइंडली रिव्हर्ट बॅक इफ एनी डाउट.' साहेबांनी 'हॅविंग'ला गोल केलाय, फिक्स्चरच्या वाक्याच्या शेवटी आलेल्या 'फॉर'ला केलाय आणि 'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' खोडलाय.

मी बरीच वर्षं कंपन्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार तपासते आणि तो लिहिणाऱ्यांना शिकवते. माझ्या मते या तीन खुणांपैकी एक बरोबर आहे, एक अर्धी बरोबर आणि एक साफ चुकीची. पण ज्या दोन शब्दांपायी खरोखर घोटाळा होऊ शकतो, ते 'टिल' आणि 'वुड', त्यांच्यावर शाईचा ठिपकाही नाही. साहेबांना नावं ठेवत नाही मी. कानाला खटकणारी चूक कोणीही पकडतं. वाक्य ऐकायला ठाकठीक आणि अर्थ मात्र भलताच, ही जात अवघड. ती आपल्याला दिसत नाही, कारण तिच्याखाली आपलं मराठी वाक्य अगदी नीट बसलेलं असतं.

'टिल'पासूनच सुरू करू. मराठीत 'पर्यंत' दोन कामं करतं. 'पाच वाजेपर्यंत थांब' म्हणजे पाचपर्यंत सलग थांबून राहा. 'पाच वाजेपर्यंत पाठव' म्हणजे पाचच्या आत कधीतरी एकदा पाठव, तीनला पाठवलंस तरी चालेल. आपल्याला हा फरक क्रियापदावरूनच कळतो, म्हणून वेगळा शब्द लागत नाही. इंग्रजीला लागतो. सलग चालणाऱ्या गोष्टीला 'टिल' किंवा 'अनटिल', आणि मुदतीच्या आत एकदा उरकायच्या गोष्टीला 'बाय'. 'वुई विल डिस्पॅच द मटेरियल बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत माल निघालेला असेल. 'टिल फ्रायडे' म्हटलंत, तर वाचणारा असा अर्थ लावू शकतो की माल शुक्रवारपर्यंत थोडाथोडा निघत राहील आणि मग थांबेल. याच्या उलटही होतं. 'आय विल बी इन ऑफिस बाय फाइव्ह' असं तुम्ही कळवलंत, तर भेटायला येणारा माणूस पाचनंतर येतो आणि तुम्ही तर पाचला निघालेले असता. तारीख किंवा वेळ लिहिलीत की तेवढ्यापुरतं थांबा आणि स्वतःला विचारा, हे काम चालू राहणार आहे की एकदाच संपणार आहे. एवढी एक सवय लावलीत तरी निम्मी धास्ती कमी होईल.

'वुड'चं दुखणं वेगळं. 'विल'पेक्षा 'वुड' जास्त नम्र असं आपल्याकडे मनात ठसलंय. विनंतीत ते खरंही आहे: 'वुड यू प्लीज कन्फर्म' हे 'विल यू' पेक्षा मऊ वाटतं. पण वचन देताना 'वुड' आलं, की इंग्रजी कानाला वाक्य अर्धवट वाटतं. 'वुई वुड डिस्पॅच' म्हणजे 'आम्ही पाठवूही, पण…' आणि त्या 'पण'नंतर काय, याची तो वाट बघतो. आगाऊ पैसे हवेत का? ड्रॉइंगला मंजुरी हवी का? तुम्ही नम्रपणे दिलेली खात्री त्याला अटीसारखी वाचायला मिळते. तेव्हा विनंतीत 'वुड' आणि वचनात 'विल', एवढं ठरवून टाका. 'विल' उद्धट नाही, पक्कं आहे. पुरवठादाराकडून ग्राहकाला तेच तर हवं असतं.

आता पहिलं वाक्य, 'हॅव सेंट यस्टरडे'. हेही साहेबांच्या नजरेतून सुटलं. 'मी काल ड्रॉइंग पाठवलंय' हे मराठीत बिनचूक आहे, म्हणून ते इंग्रजीत तसंच उतरतं. इंग्रजीतलं हे 'हॅव' मात्र आत्ताच्या क्षणाशी बांधलेलं असतं: काम झालंय आणि त्याचा परिणाम आज समोर आहे. काल, गेल्या आठवड्यात, सकाळी दहाला, २०१९ मध्ये, असा संपलेला काळ बोलून दाखवला की 'हॅव'ला तिथे जागा उरत नाही. एक तर 'यस्टरडे' काढा, नाहीतर 'हॅव' काढा. 'आय हॅव सेंट द ड्रॉइंग' चालेल, 'आय सेंट द ड्रॉइंग यस्टरडे' चालेल. दोन्ही एकत्र नाही.

याच घरातली दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत ऐकू येते: 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' खाली मराठी वाक्य स्पष्ट दिसतंय: 'मी इथे पाच वर्षांपासून काम करतोय.' यात दुरुस्त्या दोन आहेत आणि लोक एकच करतात. पाच वर्षं ही लांबी आहे, तिला 'फॉर' हवा. 'सिन्स' हा सुरुवातीच्या बिंदूला लागतो, म्हणजे 'सिन्स २०१९' किंवा 'सिन्स दिवाळी'. हे शाळेत शिकवतात आणि बहुतेकांना आठवतंही. पण मग ते 'आय ॲम वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणतात आणि क्रियापद तसंच राहतं. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला 'हॅव बीन वर्किंग' लागतं. नुसतं 'ॲम वर्किंग फॉर' ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही पाच वर्षांच्या करारावर आलायत.

इथे 'समोरच्याला कळलं म्हणजे झालं' म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना थोडं माप द्यायला हवं, कारण तुमचा ग्राहक जर्मन आहे. जर्मन माणसाला यातलं बरंचसं खटकणारही नाही! त्यांच्या भाषेत 'पर्यंत'साठी 'बिस' हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. 'काल पाठवलंय' अशी रचना त्यांच्याकडेही रोजची. 'पाच वर्षांपासून काम करतो' हे तेही साध्या वर्तमानकाळातच म्हणतात, आणि 'चर्चा करणे'च्या सोबत त्यांना 'विषयी'सारखा शब्द लागतो. त्यामुळे नव्याने इंग्रजी लिहिणारे जर्मन नेमक्या आपल्याच चुका करतात. तुमचा 'टिल फ्रायडे' त्याला तुमच्या मनातल्या अर्थानेच पोचला असण्याची शक्यता बरीच आहे. पण मेल एका माणसापाशी थांबत नाही. तो पुढे त्यांच्या अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या शाखेला जातो, करारासोबत जोडला जातो, भांडण झालं तर पुरावा म्हणून काढला जातो. म्हणून मी सांगेन की चहाच्या टेबलावर सहकाऱ्यांचं ऐका आणि तारीख, रक्कम, जबाबदारी लिहिताना साहेबांसारखे कडक व्हा. त्यांनी खुणा केल्यात त्या जागी नव्हे, एवढाच फरक.

आता त्यांच्या खुणा. 'हॅविंग'ची खूण बरोबर आहे. मालकी, नातं, ज्ञान, आवड या स्थिती आहेत. त्या 'चालू' नसतात. म्हणून 'वुई हॅव टू मशीन्स', 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय अंडरस्टँड'. 'आय ॲम अंडरस्टँडिंग' नाही. मात्र यावरून 'हॅविंग' शब्दच हद्दपार करू नका, कारण 'वुई आर हॅविंग लंच' किंवा 'वुई आर हॅविंग अ मीटिंग ॲट फोर' अगदी बरोबर आहे. तिथे खरोखर काहीतरी घडतंय. काही जण एकदा लाल खूण बघितली की तो शब्द आयुष्यभर टाळतात आणि 'वुई हॅव लंच नाऊ' लिहू लागतात. तेही बरं नाही.

शेवटच्या 'फॉर'वरची खूण मी पुसून टाकेन. वाक्य अशा शब्दाने संपवू नये, हा नियम इंग्रजी बोलणाऱ्यांनी कधी पाळलेला नाही. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये आपल्याआधीच्या नाटककारावर टीका करताना ही हरकत घेतली. पुढे रॉबर्ट लोथ यांच्या १७६२ च्या व्याकरणात तिचा उल्लेख आला, तोही भाषेचा कल वाक्य असं संपवण्याकडेच आहे हे मान्य करून आणि भारदस्त लेखनात टाळलेलं बरं एवढ्याच सुरात. शाळामास्तरांनी पुढे त्याचा कायदा केला. 'धिस इज द फिक्स्चर यू आस्क्ड फॉर' हे उत्तम, जिवंत इंग्रजी आहे. ते 'फॉर व्हिच यू आस्क्ड' केलंत तर चूक होणार नाही, पण कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटेल. अर्थात साहेबांशी यावर वाद घालायला मी सांगणार नाही. 'यू रिक्वेस्टेड' लिहा. 'फॉर' लागतच नाही आणि दोघंही खूश.

याच पंगतीतला आणखी एक म्हणजे 'लेस' आणि 'फ्यूअर'. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर' वापरावं, ही रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये नोंदवलेली वैयक्तिक पसंती होती. तिचा नियम झाला आणि तो इतका चिघळला, की टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने २००८ मध्ये गल्ल्याजवळची 'टेन आयटम्स ऑर लेस' अर्थाची पाटी बदलून 'अप टू टेन आयटम्स' करायचं ठरवलं. औपचारिक लेखनात 'फ्यूअर' वापरा, चारचौघांत शोभून दिसतं. पण दुसऱ्याच्या 'लेस'वर हसू नका.

'रिव्हर्ट बॅक' ही अर्धी बरोबर खूण, कारण साहेबांनी फक्त 'बॅक' खोडलाय. 'रिव्हर्ट'मध्ये मागे जाणं आधीच आहे, म्हणून 'बॅक' जास्तीचा, हे खरं. पण खुद्द 'रिव्हर्ट'चा 'उत्तर द्या' हा अर्थ भारतात आणि सिंगापूर-मलेशियाच्या बाजूला चालतो. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा अर्थ 'पूर्वीच्या स्थितीला परत जाणे'. तिथला माणूस गोंधळून विचारेल, कुठल्या जुन्या ड्रॉइंगवर परत जायचंय? 'रिप्लाय' लिहा. 'डाउट'चंही तसंच. आपली 'शंका' म्हणजे प्रश्नही आणि संशयही, त्यामुळे 'आय हॅव अ डाउट' आपल्याला साधं वाटतं. बाहेर शिकायला गेलेल्या मुलाने वर्गात हात वर करून असं म्हटलं, तर प्राध्यापकांना वाटतं की हा आपलं म्हणणं खोटं ठरवतोय. 'क्वेश्चन' म्हणा.

हे दोन शब्द व्याकरणाच्या चुका नव्हेत, बरं का. ते भारतीय इंग्रजी आहे, आणि भारतात ते बिनधास्त वापरावं असं माझं मत आहे. 'प्रीपोन' तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही भारतीय वापर अशा खुणेसह आलाय. मला तो फार सोयीचा शब्द वाटतो. 'डू द नीडफुल' एके काळी इंग्लंडमध्येही सर्रास चालायचं, तिथे जुनं झालं आणि आपल्या कचेऱ्यांत टिकलं. 'पास्ड आउट इन २०१५' मात्र परदेशी बायोडेटात लिहू नका. तिकडे त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडलो असा होतो. 'ग्रॅज्युएटेड' लिहा. खडकवासल्याच्या एनडीएतली पासिंग आउट परेड मात्र खुशाल तशीच म्हणा, लष्करात तो शब्द इंग्लंडमध्येही आहे.

'डिस्कस अबाउट'बद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. 'विषयी चर्चा'तलं 'विषयी' तिथे घुसतं. डिस्कस, रीच, एंटर, कॉन्टॅक्ट, अटेंड या क्रियापदांना मध्ये काही लागत नाही: 'डिस्कस द प्राइस', 'रीच द स्टेशन'. उलट 'एक्स्प्लेन'ला लागतं, कारण 'मला समजावून सांगा'मधलं 'मला' तिथे सरळ बसत नाही. 'एक्स्प्लेन इट टू मी'. यांना तर्क नाही. पाठ करा आणि मोकळे व्हा.

फोनवरच्या एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्या असं सांगेन. ग्राहकाने विचारलं, 'डिडन्ट यू रिसीव्ह अवर पेमेंट?' पैसे आलेले नाहीत. आपण मराठीत म्हणू, 'हो, नाही आले अजून'. तो 'हो' प्रश्नातल्या नकाराला दुजोरा देतो. म्हणून तोंडून 'येस' निघतं, आणि तो पैसे पोचले असं समजून फोन ठेवतो. इंग्रजीत प्रश्न कसा विचारलाय याला महत्त्व नाही. आले असतील तर 'येस', नसतील तर 'नो'. ऐन संभाषणात हे डोक्यात उलटंपालटं होतंच, म्हणून नुसत्या 'येस'वर कधी थांबायचं नाही. 'नो, वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड इट' असं पूर्ण वाक्य म्हणायचं. 'डू यू माइंड इफ आय रेकॉर्ड धिस कॉल?' याला आपण उत्साहाने 'येस, येस' म्हणतो, म्हणजे 'हो, माझी हरकत आहे'. 'गो अहेड' म्हणा, प्रश्नच मिटला.

'अ एमबीए की ॲन एमबीए' यासाठी देवनागरीसारखी सोपी युक्ती नाही. शब्द जसा उच्चारता तसा देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. एमबीए, एफआयआर, एलआयसी पॉलिसी, एचआर मॅनेजर, एक्स-रे, ऑनेस्ट, अवर: सगळ्यांना 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीआय, वन-वे: यांना 'अ', मग इंग्रजी स्पेलिंग कशानेही सुरू होवो. एकच अपवाद सांभाळा. 'इयर' आपण वर्षाला आणि कानालाही सारखंच लिहितो, पण वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजीत 'य'चा उच्चार आहे, म्हणून 'अ इयर'.

पुस्तक पहिल्या पानापासून नको. स्वतःचे पाठवलेले पंधरा-वीस मेल छापून घ्या आणि फक्त क्रियापदं अधोरेखित करा. तुमच्या चुका चार-पाच प्रकारच्याच निघतील आणि त्याच पुन्हापुन्हा येतील. त्या चार-पाचांवरच महिनाभर नजर ठेवा. वरचा मेल मी असा पाठवला असता: 'आय सेंट द ड्रॉइंग यस्टरडे. वुई हॅव टू मशीन्स फॉर धिस जॉब. धिस इज द फिक्स्चर यू रिक्वेस्टेड. वुई विल डिस्पॅच द मटेरियल बाय फ्रायडे. प्लीज लेट मी नो इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स.'

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की ग्राहक मेलखाली नुसतं 'थॉमस' लिहितो तर त्याला काय म्हणायचं. तो स्वतःच पहिल्या नावाने सही करत असेल तर 'डिअर थॉमस' लिहा, त्यात उद्धटपणा नाही. त्याने पूर्ण नावाने सही केली असेल तर 'मिस्टर' आणि आडनाव. आपल्याकडच्या 'संदीप सर'च्या चालीवर 'मिस्टर थॉमस' मात्र लिहू नका, त्याचं आडनावच थॉमस निघालं तर गोष्ट वेगळी.